गादी-रजईचं भांडवल

१ ऑक्टोबर

काल अमरावतीला नवउद्योजक मेळाव्यात एका टायवाल्या मुलाने सांगितलं की यशस्वी माणसं रोज दैनंदिनी लिहितात. मी विचारलं, "तुमचा स्वतःचा उद्योग कोणता?" तो म्हणाला, "मी प्रेरणा देतो." मी म्हटलं, "किलोवर की नगावर?" सगळे हसले, तो सोडून. नंतर मला भांडवलाविषयी एक गंभीर प्रश्न विचारायचा होता, पण माझा वर केलेला हात त्याला शेवटपर्यंत दिसला नाही. एवढ्या लहान वयात नजर अधू झालेली पाहून वाईट वाटलं.

तरी सल्ला फुकट होता, म्हणून लिहायला बसले आहे. उद्योजिका साधना, वय एकावन्न, मुक्काम जठारपेठ, अकोला. उद्योग : अजून नाही. होता तो उद्योग म्हणजे फोमच्या गाद्यांच्या शोरूममधली नोकरी. तीही उन्हाळ्यात गेली. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "ही गादी पाठीला चांगली आहे ना?" मी म्हटलं, "आमचे मालक हिच्यावरच झोपतात आणि वर्षातून दोनदा मणक्याच्या डॉक्टरकडे नागपूरला जातात." मालक मागेच उभे होते. तेव्हापासून जिथे अर्ज करावा तिथले लोक माझं वय विचारतात आणि जुन्या मालकाचा फोन नंबर. एकदा फोन झाला की परत कुणी काही विचारत नाही.

म्हणून मी आणि रजियाबीने कापसाच्या गाद्या-रजयांचं दुकान काढायचं ठरवलं आहे. रजियाबी शोरूमला गाद्यांच्या खोळी शिवून द्यायची. राहते मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरात. तिच्या नवऱ्याचं आणि दिराचं तिथे रुई पिंजायचं दुकान होतं. नवरा गेला, दीर वकारमिया ऑटो चालवायला लागला, पिंजायचं मशीन टिनाच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून आहे. नवं मशीन आमच्या आवाक्यात नाही, आम्हाला तेच हवं. वकारमियांनी मुदत दिली आहे : नोव्हेंबरअखेर रोख पैसे आणा नि मशीन न्या, नाहीतर ते भंगारात जाईल आणि डिसेंबरपासून त्या शेडमध्ये जिम उघडेल.

म्हणजे दोन महिन्यांत भांडवल उभं करायचं. माझ्यासारख्या बोलक्या बाईला अवघड नसावं.

३ ऑक्टोबर

विपुलने प्रकल्प अहवाल पाठवला. विपुल माझा भाचा, अमरावतीला सीएच्या हाताखाली असतो. अहवाल रंगीत आहे. मुखपृष्ठावर एक गोरी बाई झोपेत हसते आहे. आत कच्च्या मालाचा, म्हणजे कापसाच्या खरेदीचा आकडा एवढा मोठा की त्याच्यापुढे मशीनचा आकडा बिचारा वाटतो.

रजियाबीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "ताई, कापूस घ्यायले कर्ज? अकोल्यात? लोक हसतीन ना! आमच्या दुकानात तर लोक घरची रुई घेऊन येत. आमी पिंजाई-भराईचे पैसे घेत होतो फक्त."

मी तिला समजावलं की तो जमाना गेला, आता कच्चा माल आपला लागतो, तसा रकानाच असतो. ती "हाव, रकाना असन तर मंग काय" म्हणाली आणि पानाला चुना लावू लागली. शिक्षणाचा हाच तर फरक पडतो.

८ ऑक्टोबर

बँक. दारातच रजियाबीने बटव्यातून सुपारीचं खांड काढून माझ्या तोंडात कोंबलं. "चघळत राहा ताई, घशाले बरं असते. बात मी करतो." तिला माझ्या घशाची फार काळजी.

मॅनेजर रत्नागिरीकडचे, नुकतेच बदलून आलेले. सज्जन वाटले. रजियाबीने मशीनबद्दल, टाक्यांबद्दल, लग्नसराईबद्दल सांगितलं, ते मान हलवत होते. मग त्यांनी हसून विचारलं, "पण आजकाल कापसाच्या गादीवर झोपतं कोण?"

आता थेट प्रश्न आला की थेट उत्तर द्यायला नको? मी सुपारी गालात सरकवली. "साहेब, माणसाला झोप आली की तो कशावरही झोपतो. तुमच्या तीन नंबरच्या खिडकीतले गृहस्थ तर नुसत्या खुर्चीवर झोपलेत."

गृहस्थ जागे झाले. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजर म्हणाले, "कळवतो." त्यांनी रजियाबीचा नंबर लिहून घेतला, माझा घ्यायचा विसरले. कोकणातला माणूस, इथल्या ऑक्टोबरने गोंधळला असेल.

बाहेर आल्यावर रजियाबीने सुपारीचं दुसरं खांड स्वतःच्याच तोंडात टाकलं. तिचाही घसा बसला असावा.

९ ऑक्टोबर

शेजारच्या दुर्गाबाई पोतं घेऊन आल्या. त्यांच्या पोरीचं लग्न डिसेंबरात. आंदणात द्यायला दोन गाद्या, दोन रजया हव्यात. पोत्यात माहेरच्या शेतातली, सरकी काढून आणलेली रुई.

मी स्पष्ट सांगितलं, "दुर्गाबाई, दुकान सुरू व्हायचं आहे. आधी भांडवल, मग माल, मग गिऱ्हाईक. असा क्रम असतो."

"हाव ना, असू द्या क्रम. पोतं राहू द्या अठी. आमच्या घरी उंदरं लय झाले."

ठेवलं. लोकांना व्यवसायातलं काही कळत नाही.

१६ ऑक्टोबर

पतसंस्थेचे अध्यक्ष. संस्थेचं नाव लिहीत नाही, दैनंदिनी कुणाच्या हाती लागली तर उगाच. रजियाबीने आज साधी सुपारी नाही, अख्खं पान दिलं, गुलकंद घातलेलं, गाल फुटेल एवढं.

केबिनमध्ये अध्यक्षांचे फोटो : अध्यक्ष हार घेताना, अध्यक्ष हार घालताना, अध्यक्ष आणि एक बैल, दोघांनाही हार. ते म्हणाले, "मातृशक्तीच्या पाठीशी आमची संस्था खंबीरपणे उभी आहे." रजियाबी म्हणाली, "मेहरबानी साहेब." पाच मिनिटांत सगळं जमल्यासारखं झालं. एकच अट, दुकानात त्यांचा एक मोठा फोटो लावायचा.

मी पान गिळलं. फोटोबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. मी फक्त विचारलं, "साहेब, बाहेर जिन्यावर सकाळपासून म्हातारे लोक बसलेत, ते तुमच्या दर्शनाला आलेत, की ठेवी परत मागायला?"

माहिती विचारली, बाकी काही नाही. जिथून कर्ज घ्यायचं तिथली चौकशी करू नये का?

घरी येताना रजियाबी ऑटोत म्हणाली, "ताई, तुमी एवढं मोठ्ठं पान एका घोटात कसं गिळलं?" त्या आवाजात मला कौतुक वाटलं.

२१ ऑक्टोबर

आणखी पोती आली. दुर्गाबाईंनी त्यांच्या भिशीत सांगितलं म्हणे. एक बाई जुन्या गाद्या फोडून त्यातली रुई घेऊन आली, एक सासऱ्याच्या मळ्यातली. सगळ्यांना मी तेच सांगते, आधी भांडवल. सगळ्या तेच म्हणतात, "होऊ द्या सावकाश, पोतं राहू द्या." काही जणी तर हातावर इसार ठेवू पाहतात. मी घेत नाही. ज्या दुकानाला भांडवल नाही त्याने इसार घेणं मला प्रशस्त वाटत नाही.

ह्यांना कापसाची शिंक आहे. हे जिल्हा परिषदेत बांधकाम खात्यात आहेत, आयुष्यात कुणाशी भांडले नाहीत. सकाळी पोत्यांच्या पलीकडून आवाज आला, "साधना, माझा चष्मा आणि मी, दोघंही या बाजूला आहोत. डबा वरून दिलास तरी चालेल."

४ नोव्हेंबर

काल भाऊबीजेला नांदगाव खंडेश्वरला दादाकडे. किसनरावदादाने मधल्या खोलीत गेल्या हंगामाचा कापूस आढ्यापर्यंत रचून ठेवला आहे. भाव येईल म्हणून. वर्ष झालं, भाव आला नाही, किडे आले. घरातला प्रत्येक माणूस बोलता बोलता खाजवतो. मी ओवाळत असताना दादाने नेमकी मान खाजवली, कुंकू कानाला लागलं.

ठरवून गेले होते की आधी गोड बोलायचं, मग पैशाचा विषय काढायचा. म्हणून गोडीत सुरुवात केली. "दादा, शेतात नवा कापूस फुटला. आता तो कुठं ठेवशील? देवघरात?"

"भाव येईन," दादा म्हणाला.

"येईल तेव्हा नोटा मोजायला तुझी बोटं मोकळी आहेत का? सगळी तर खाजवण्यात गुंतलीत."

जमुनावहिनी पदर तोंडाला लावून हसली. दादा हसला नाही. एवढ्या खेळीमेळीच्या वातावरणात मी मशीनचा विषय काढला.

"नगद नाई माह्यापाशी, साधने," तो म्हणाला. "कापूस हाय."

"कापूस मलेही हाय, दादा. घरात पाय ठेवायले जागा नाई."

"मंग जमवून कायले राहिली?"

"मी नाही जमवत. लोक टाकून जातात."

तो खाली मान घालून जेवला. ओवाळणीच्या ताटात साडी घातली. मला एसटीवर सोडायला आला तेव्हा गादीला रुई किती लागते, रजईला किती लागते, लांब धाग्याची बरी की आखूड, असल्या फुटकळ चौकशा करत बसला. पैसे द्यायचे नसले की माणसं विषय बदलतात. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. दादाकडून नकाराची मला सवय नाही.

१० नोव्हेंबर

वकारमियांनी निरोप पाठवला, जिमवाल्याने भाड्याची आगाऊ रक्कम दिली. नियाजभाई भंगारवाले येऊन मशीनकडे बघून गेले. त्यांनी त्याला बोटाने टिचकी मारून पाहिली म्हणे, टरबुजाला मारतात तशी.

रजियाबी सांगताना हसत होती, पण आज तिने चहा अर्धा टाकला. तिच्या धाकट्या मुलीने, नगमाने, तिला परभणीला राहायला बोलावलं आहे. "जावयाच्या घरात शिलाई मशीन ठिवायले जागा नाई ताई. मले ठिवायले हाय म्हंते."

मी म्हटलं, "जाऊ नका." तिच्या अर्ध्या कपात गरम चहा ओतला.

१३ नोव्हेंबर

सकाळी दारात पिकअप गाडी. नांदगावहून. आत गाठोडीच गाठोडी, पांढरीशुभ्र, सरकी काढलेली रुई. ड्रायव्हर म्हणाला, "किसनभाऊनं धाडली."

डोकं फिरलं. मागितलं काय, पाठवलं काय! हे ऑफिसला निघाले होते, ते शिंकतच परत आत गेले आणि मागच्या दाराने निघाले. मी तडक दादाला फोन लावला. वहिनीने उचलला. मी म्हटलं, "वहिनी, माझं घर म्हणजे काय सीसीआयचं कापूस खरेदी केंद्र आहे?"

"साधनाबाई, आयका तर," वहिनी म्हणाली. "दोन दिवस जिनिंगवर सोता बसून राहिले ते. चांगला चांगला निवडून काहाडला. सरकी तेवढी म्हशीले ठिवली. मी म्हटलं, अवो, भाव यायची वाट पाहून राहिले होते ना तुमी? तं म्हणे, माही बहीण काय भाव इचारून ओवाळते काय मले?"

वहिनी "हॅलो, हॅलो" करत राहिली. आमच्याकडे नेटवर्कचा फार त्रास आहे.

१५ नोव्हेंबर

रजियाबी आली. दारातच थांबली, कारण आत यायला वाट नव्हती. मी मात्र बँकेला द्यायचं नवं पत्र तिला वाचून दाखवत होते, कच्च्या मालासाठीची रक्कम कशी अत्यावश्यक आहे वगैरे. तिने शांतपणे ऐकलं. मग एका पोत्यावर बसली, दुसऱ्यावर हात ठेवला, तिसऱ्याला पाय लावला.

"ताई, मी बसली ते काय हाय?"

"दुर्गाबाईंची रुई."

"अन् हे?"

"दादाची."

"मंग कर्ज कोणत्या कापसाले मागून राहिलो आपण?"

मी पत्र घडी करून ठेवलं. मग विपुलला फोन केला, म्हटलं, कापसाचा आकडा खोड. गिऱ्हाइकाचा कापूस गिऱ्हाईक आणतं, आणि आपल्याला विकायला लागेल तेवढा दादाने दिला. आता फक्त मशीन. तो गडबडला. "पण मावशी, कच्चा माल कुठून घेणार तो रकाना रिकामा सोडता येत नाही."

"मग लिही, काकांच्या पलंगाखालून, पलंगावरून आणि पलंगाच्या जागेवरून."

अख्ख्या कापसाच्या मुलुखात कापूस घ्यायला कर्ज मागत फिरणारी मी पहिलीच बाई असेन. हे इथे लिहिलं आहे, पण रजियाबीपुढे कबूल करणार नाही. तिने मागितलंही नाही.

१९ नोव्हेंबर

नुसत्या मशीनपुरतं लहानसं कर्ज मागायला रजियाबी एकटी बँकेत गेली. म्हणाली, तुमी आराम करा. मॅनेजर निवडणुकीच्या कामावर. तीन नंबरच्या खिडकीतले गृहस्थ म्हणाले, निकालानंतर या, मग कागद वर अमरावतीला जाणार, मग वरचे साहेब बघणार. तोवर मशीनचे खिळे झालेले असतील. ह्यांनी पीएफमधून उचल मिळते का विचारलं. मिळते, जानेवारीत.

दुसरा मार्ग एकच, वकारमियांना हप्त्यांवर राजी करायचं. रविवारी नियाजभाई काटा घेऊन येणार आहेत, त्याच्या आत.

२४ नोव्हेंबर

घरी येऊन चपला काढल्या आणि थेट लिहायला बसले.

ऑटोत रजियाबीने दादाच्या रुईचं एक पोतं आणलं होतं. मी म्हटलं, हे कशाला? म्हणे, "बसायले होते." शेडपाशी उतरल्यावर मी सवयीने हात पुढे केला. ती म्हणाली, "आज सुपारी नाई. आज घसा मोकळा सोडा."

नियाजभाई आमच्या आधीच येऊन बसले होते. भिंतीवर जिमवाल्याने एका पिळदार दंडाचं चित्रही लावलं होतं, दंडाला डोकं नव्हतं. वकारमियांनी ताडपत्री ओढली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ते मशीन पाहिलं.

हप्त्यांचं बोलायचं होतं. पण तोंडातून निघालं, "हे मशीन हाय? मले वाटलं कोणाचा बँड बुडाला, अन् बाजे अठी फेकून पळाले."

वकारमिया म्हणाले, "ताई, अर्ध्या अकोल्याच्या गाद्या यानं भरल्या."

"तरीच अर्धं अकोला कंबर धरून चालते."

नियाजभाई खो खो हसले. तिथेच चुकले. वकारमिया त्यांच्याकडे वळले. "तू काहून दात काढून राहिला?"

"भाई, ताई गलत नाई बोलली. लोहाच हाय आता ते."

"लोहा?"

"नियाजभाई, लोहा तरी कशाले म्हणता," मी म्हटलं. "लोह्याले भाव असते. हे पाहा, याचे दात गेले, पट्टा गेला. हे काय रुई पिंजीन? रुईच याले पिंजीन."

"भाभी!" वकारमिया रजियाबीला म्हणाले. "समझाओ इनको!"

रजियाबी छताकडे बघत होती. "मी काय समजावू भाई. त्याह्यनं कधी चालतं पाह्यलंच नाई."

वकारमिया ताडताड घरात गेले. तेलाचं कॅन, पट्टा आणि एक पाना घेऊन आले. कुणाशी न बोलता ते मशीनखाली शिरले. नुसते पाय दिसत होते. नियाजभाई म्हणाले, "भाई, मले दुसरीकडे जायचं हाय." पाय काही बोलले नाहीत.

बटण दाबलं. मशीन खोकलं आणि थांबलं. मी म्हटलं, "आमच्या ह्यांची शिंक याच्यापेक्षा जोरात चालते." दुसऱ्यांदा दाबलं. ते घरघरलं, अंग झटकलं आणि एकदम सुरात लागलं. गल्लीतली पोरं दारात जमली.

"रुई!" वकारमिया ओरडले. "अरे, रुई आणा कोणीतरी!"

रजियाबीने पोतं पायाने पुढे सरकवलं.

पुढचं मला नीट लिहिता येणार नाही. दादाच्या घरातला तो वर्षभर दाबून बसलेला कापूस, गोळे गोळे झालेला, एका बाजूने आत गेला आणि दुसऱ्या बाजूने सुटून आला, इतका हलका की दारातल्या वाऱ्याने वर उचलला. वकारमिया तो बोटांनी असा घेत होते की जसं कुणाचं झोपलेलं लेकरू घ्यावं. त्यांच्या भुवयांवर, दाढीवर, टोपीवर रुई. ओरडत होते ते माणूस कुठे गेलं कोण जाणे. रजियाबी हळूच म्हणाली, "नगमाचे अब्बा असेच घरी येत संध्याकाळी. दारात झटकल्याशिवाय मी आत नव्हती घेत."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. रुई गेली तोंडात.

पोतं संपलं तरी ते थांबेनात. शेजाऱ्याची उशी मागवून तीही पिंजली. नियाजभाईंनी दोनदा चहा घेतला, शेवटी काटा खांद्यावर टाकला. जाताना म्हणाले, "अम्माची गादी गठ्ठा झाली. उद्या आणू का भाई?"

२७ नोव्हेंबर

वकारमिया मशीन विकायला नाही म्हणतात.

म्हणजे पाहा! पैसे नव्हते तेव्हा माणूस विकायला उतावीळ, आणि आम्ही हप्त्यांचं बोलायला गेलो तर, "इकायचं नाई. मशीन माहं, चालवीन मी. कमाईत तिघांचा हिस्सा." जिमवाल्याचे पैसे परत. तो कुरकुरला तर म्हणाले, "ये ना अठी रुई झोडपायले, दंड बनवायचे असतीन तं."

मी हताश होऊन रजियाबीला म्हटलं, "मग आता ते भांडवल उभं करायचं कसं आणि कशात?"

ती म्हणाली, "ताई, आता भांडवल पाह्यजे कायले?"

चहा संपेपर्यंत विचार केला. रुई घरात, मशीन शेडमध्ये, शिलाई रजियाबीची. खोळीच्या कापडाला आणि विजेच्या बिलाला दुर्गाबाईंच्या भिशीतल्या बायकांचे इसार पुरतील. घ्या म्हणून मागेच लागल्या आहेत. मला एकही गोष्ट सापडली नाही जिला कर्ज मागावं. जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मग माझं काम काय, हा प्रश्न निघाला. दोघं दीर-भावजय आपसात काहीतरी कुजबुजले. वकारमिया घसा साफ करून म्हणाले, "नगद गिऱ्हाईक भाभी पाह्यतीन. उधार मागणारे सगळे ताईकडे."

व्यवसायात उधारी हा सगळ्यात नाजूक भाग. तो त्यांनी माझ्यावर सोपवला. विश्वास असतो एकेकाचा.

८ डिसेंबर

दुकान सुरू होऊन आठवडा झाला. माझी खुर्ची दाराशी आहे. ह्यांचा पलंग मोकळा झाला. पण त्यांना आता शिंकेशिवाय झोप येत नाही म्हणतात. दादा पहिली रजई घेऊन गेला. त्याने किंमत विचारली, मी त्याला ओवाळायचं ताट दाखवलं.

आज पहिलं उधारीचं गिऱ्हाईक. शालिकराम गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. मोठी दुहेरी रजई शिवून घेतली, काखेत मारली आणि म्हणाले, "पैसे पेन्शन झाल्यावर." रजियाबीने अदबीने माझ्याकडे बोट दाखवलं.

मी उठून उभी राहिले. वडीलधारा माणूस. "हो हो गुरुजी, सावकाश द्या. बसा ना. एवढंच सांगा, शाळेत पोरं म्हणायची ना, गृहपाठ केलाय पण वही घरी राहिली, उद्या दाखवतो? तेव्हा तुम्ही त्यांना कुठं उभं करायचे?"

गुरुजी म्हणाले, "वर्गाबाहेर."

"किती वेळ?"

त्यांनी बाहेर रस्त्याकडे पाहिलं. ऊन होतं. समोर पानठेल्यावर त्यांचे दोन जुने विद्यार्थी उभे होते, केस पिकलेले, दोघंही इकडेच बघत होते. मी हात करून त्यांना बोलावणारच होते, तोच गुरुजींनी रजई खाली ठेवली, पाठ फिरवली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशातून सगळी रक्कम काढली. सुट्टेसुद्धा बरोबर होते.

निघताना त्यांनी गल्ल्यापाशी रजियाबीला विचारलं, "ह्या बाई आजवर कुठं होत्या हो?" तिने काय उत्तर दिलं ते मशीनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, पण वकारमिया इतके हसले की पट्टा निसटला आणि मशीन बंद पडलं. तेवढ्या शांततेत पायरीवर उभ्या असलेल्या आणखी एका माणसाने आत डोकावलं, माझ्याकडे पाहिलं आणि मी तोंड उघडायच्या आत खिशातून पाकीट काढलं.

कमाल आहे. मी तर त्याला काहीच बोलले नव्हते.